आधी कोणता पूल?

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर नवव्या दिवशी, २४ जूनला, राज्य मंत्रिमंडळाने नागपूर ते गोवा अशा सुमारे ८०२ किलोमीटर लांबीच्या शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनादी कामांसाठी २० हजार ७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, असे सरकारपक्षाकडून सांगितले जाईल, आणि केवळ हिशेबाच्या वह्या पाहिल्या तर ते खरेही ठरेल. आमचे म्हणणे असे की, संबंध नसावा हेच या प्रकरणातील वैगुण्य होय.

वह्या वेगळ्या आहेत हे मान्य केले पाहिजे. समृद्धी महामार्गासारखी मोठी कामे रस्ते विकास महामंडळ कर्ज उभारून करते व ते कर्ज पथकरातून फेडावयाचे असते. कुंडमळ्याच्या पुलावर पथकर बसत नाही. तो पूल, किंवा कोकणातील एखाद्या ओढ्यावरची मोरी, अर्थसंकल्पाच्या तोंडाकडे पाहत बसते. तेथेही नव्या बांधकामाचे लेखाशीर्ष ५०५४ आणि देखभालीचे ३०५४ अशा दोन निराळ्या पंक्ती मांडलेल्या. नव्या कामाला कोनशिला असते, उद्घाटन असते, आमदारांच्या भाषणात जागा असते. जुन्या पुलाच्या खांबाची दुरुस्ती झाली तर ती झाली हे कोणास कळतही नाही. मग पुरवणी मागण्यांत कोणत्या पंक्तीतील कामे अधिक शिरतात, हे निराळे सांगावयास नको. कुंडमळ्याच्या बाबतीत तर पैशाचीही सबब नव्हती. नव्या पुलासाठी सुमारे ८ कोटी रुपये आधीच मंजूर झालेले होते. मंजुरी आणि पहिला दगड यांच्यामध्ये जो काळ गेला, त्या काळात जुना पूल माणसे वाहतच राहिला.

रस्त्यांचा क्रम शास्त्राने लावता येतो, हे या देशास नवे नाही. १९४३ साली देशातील मुख्य अभियंते नागपुरात जमले व त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्राममार्ग ही आज प्रत्येकाच्या तोंडी असलेली प्रतवारी तेथलीच. पुढे १९६१ ते ८१ ची योजना मुंबईच्या नावाने ओळखली गेली. या योजनांनी किती रस्ते हवेत व ते कोणत्या वस्तीस जोडावेत, याचे गणित दिले. बांधलेले कधी मोडेल, याचे गणित मात्र त्यांच्या विषयाबाहेर राहिले. शतकापूर्वीच्या पुलांवर अवजड वाहने धावू लागली, तरी ती उणीव बहुतांशी तशीच राहिली.

दुखण्याचे मूळ आणखी खोल आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीचा पूल वाहून गेला. दोन एस. टी. गाड्या नदीत गेल्या, चाळीसवर माणसे गेली. १९२८ सालचा तो दगडी कमानींचा पूल त्याच वर्षीच्या मे महिन्यात तपासलेला होता व त्यात धोका आढळला नव्हता. मे महिन्यात नदी आटलेली असते आणि पाहणाऱ्यास पुलाचा दर्शनी भाग दिसतो, परंतु पुराचे पाणी पायाखालची माती उकरते ते श्रावणात. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा पादचारी पूल पडून सात जण दगावले. त्यासही किरकोळ दुरुस्तीपुरता शेरा मिळालेला होता, आणि अपघातानंतर पूल रेल्वेचा की महापालिकेचा यावरच प्रथम वाद रंगला. तपासणीच अशी असेल, तर तिच्यावर बेतलेला प्राधान्यक्रम कितीही काटेकोर असो, तो फोल होय. सावित्रीचा नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, हेही येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे हे खाते मनात आणले तर वेगाने काम करू शकते.

केंद्राने ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची नोंदवही सुरू केली. तिच्यात प्रत्येक पुलाला दोन अंक देण्याची सोय आहे: बांधणी किती धड आहे याचा एक, ० ते ९ या श्रेणीत, आणि परिसराच्या दैनंदिन व्यवहारात त्या पुलाचे महत्त्व किती याचा दुसरा. कल्पना उत्तम आहे. मोडकळीस आलेला आणि ज्यावाचून गावाचे चालत नाही, असा पूल आपोआप रांगेच्या अग्रभागी येतो. परंतु ही वही राष्ट्रीय महामार्गांपुरती, आणि लोकांचे जीव जातात ते जिल्हा व ग्राममार्गांवरही. आम्ही एके काळी शाळेत शिकवीत होतो. गुणपत्रक दप्तरात दडवून ठेवणारा मुलगा कोणत्या विषयात नापास झाला आहे, हे ओळखण्यास आम्हांस फारसा वेळ लागत नसे.

आमची मागणी मर्यादित आहे. शक्तिपीठ महामार्ग व्हावा की न व्हावा, याबद्दल कोल्हापूरच्या शेतकऱ्यांचे आक्षेप आहेत व त्यांचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे. पण येत्या अर्थसंकल्पाबरोबर राज्यातील सर्व पुलांची जिल्हावार यादी विधिमंडळाच्या पटलावर यावी. पूल कोणत्या साली बांधला, कोणाच्या ताब्यात आहे, शेवटची तपासणी कोणत्या महिन्यात झाली, पाण्याखालचा पाया पाहिला की नाही, दोन्ही अंक काय आणि दुरुस्तीचा पैसा कोणत्या तारखेस मंजूर झाला, एवढे रकाने तिच्यात असावेत. वरचा क्रमांक सोडून खालचे काम आधी घेतले, तर घेणाऱ्या मंत्र्याने त्यापुढे कारण लिहावे व सही करावी. या यादीसाठी कोणाची जमीन संपादन करावी लागणार नाही.