घोडा, चाप आणि बोट : दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरविषयी

‘बंदुकीचा घोडा दाबला’ असे आपण मराठीत सहज लिहून जातो. वास्तविक दाबला जातो तो चाप. घोडा म्हणजे मागे उठून पुढे आदळणारा हातोडा. एरवी या गोंधळाकडे काणाडोळा करता येईल. परंतु रिव्हॉल्व्हरच्या इतिहासातील एक मोठा तंटा या दोन भागांच्या नात्यावरूनच झाला, म्हणून या धाग्यात दोन्ही शब्द वेगळे ठेवूया.

साल १८५१, लंडनच्या हाइड पार्कमधील जगप्रसिद्ध प्रदर्शन. अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने तेथे आपली रिव्हॉल्व्हरे मांडली होती, आणि रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराचे पाच गोळ्यांचे नवे रिव्हॉल्व्हरही तेथेच होते. कोल्टच्या हत्यारात प्रत्येक गोळीसाठी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. मग चापाला हलका स्पर्श पुरे होई. ॲडम्सने घोड्याला अंगठ्यासाठी पकडच ठेवली नाही. चाप ओढताच चक्र फिरे, घोडा उठे आणि अखेर सुटून आदळे. सारे काम एकट्या तर्जनीचे.

यापुढची कथा बहुधा ठरलेली असते : ॲडम्सचे हत्यार वेगवान म्हणून पुढारलेले, कोल्टचे संथ म्हणून मागासलेले. मला ही मांडणी उथळ वाटते. ती हत्याराकडे पाहते आणि ते धरणाऱ्या हाताला विसरते.

टोपी खात्रीने फुटायची, तर घोड्यामागची स्प्रिंग जोरकस हवी. स्प्रिंग जोरकस, की तिला ताणण्याचा भार बोटावर. किलोभर वजनाच्या हत्यारावर त्याच्या कित्येक पट जोर लावायचा, आणि तोही नेम न ढळू देता! बोट मागे येऊ लागले की नकळत मूठही आवळते, मनगट किंचित वळते, नळीचे तोंड सरकते. केवळ एका अंशाचा हा फरक २५ मीटरवर सुमारे ४४ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे छातीवर धरलेला नेम माणसाला चुकवून निघून जातो. त्यात घोडा नेमका कधी सुटेल याचा अंदाज नसलेला नवखा माणूस ओढीच्या शेवटी झटका देतो. आणि घाईघाईने, चाप पूर्ण पुढे येण्याआधीच, तो पुन्हा ओढला तर चक्र नीट फिरत नाही किंवा यंत्रणाच अडकते. ज्या वेगाचे एवढे कौतुक, तो तेथेच संपतो.

ब्रिटिश सरकारने क्रिमियन युद्धाच्या काळात कोल्टची हजारो रिव्हॉल्व्हरे विकत घेतली. यंत्रावर होणारे झपाट्याचे उत्पादन हे त्याचे मोठे कारण. पण लांबचा नेम धरताना कोल्टचा हलका चाप उजवा ठरे, हेही खरे.

खरा तोडगा काढला तो फ्रेडरिक बोमाँट या लष्करी अभियंत्याने. (पुढे इंग्लिश खाडीखालील बोगद्याच्या प्रयत्नात ज्याचे खोदयंत्र वापरले गेले, तोच हा बोमाँट.) १८५६ मध्ये त्याने ॲडम्सच्या यंत्रणेत घोड्याला पकड परत आणली. संकट अंगावर आले तर नुसता चाप ओढा. सवड असेल तर अंगठ्याने घोडा चढवा आणि नेम धरा. हीच खरी ‘दुहेरी क्रिया’. माझ्या मते श्रेयाचा मोठा वाटा कोल्ट वा ॲडम्स यांच्यापेक्षा या माणसाकडे जायला हवा. प्रसंगानुसार निवड करण्याचा अधिकार त्याने हाताला परत दिला.

रशियाच्या १८९५ च्या नागां रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी सुटताना वायू निसटू नये म्हणून चाप संपूर्ण चक्रच पुढे ढकलतो. परिणामी त्याची ओढ कुप्रसिद्ध होण्याइतकी जड. झारच्या सैन्यात अधिकाऱ्यांना दुहेरी क्रियेचे आणि शिपायांना एकेरी क्रियेचे नागां मिळे. नेमाच्या दृष्टीने पाहता शिपाईच नशीबवान म्हणायचे!

चक्र पुन्हा मूळ जागी आले ते १९३८ मध्ये. रणगाड्याच्या अरुंद पोटात घोड्याची पकड कुठेतरी अडकते, म्हणून ब्रिटिश लष्कराने आपल्या एनफिल्ड रिव्हॉल्व्हरची पकड छाटून टाकली. ॲडम्सनंतर ८७ वर्षांनी पुन्हा सगळा भार तर्जनीवर. चापाची ओढ सुसह्य व्हावी म्हणून स्प्रिंग हलकी केली, तरी नेमाविषयीची कुरकुर थांबली नाही.

हा केवळ परदेशी इतिहास नाही. कानपूरच्या आयुधनिर्माणीतील ०.३२ इंची रिव्हॉल्व्हर वेब्ली या ब्रिटिश घराण्याच्या रचनेवर बेतलेले आहे. २०१४ मध्ये तेथूनच ‘निर्भीक’ नावाचे, सुमारे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून बाजारात आले. पर्समध्ये मावते, हलके आहे, हा त्याचा गुण म्हणून सांगितला गेला. पण हत्यार जितके हलके, तितके चाप ओढताना ते स्थिर ठेवणे अवघड. बोटाची ओढ पेलायला त्याच्यात वस्तुमानच थोडे. ही उणीव भरून निघते ती सरावाने, आणि आपल्याकडे परवान्यावर वर्षाकाठी मिळणाऱ्या काडतुसांना मर्यादा असते. तेव्हा पर्समधल्या जागेआधी दोन प्रश्न विचारायला हवेत : चाप ओढायला किती जोर लागतो, आणि तो ओढण्याचा सराव करायचा कोठे?