‘माझी मैना’तला माणूस मुंबईला गेला होता, आता मुंबईच पेणला येतेय

लालपरीतून असो वा दिवा-रोहा गाडीतून, पेण आणि रोह्याची माणसं कामासाठी मुंबईकडे जातात. मागे राहिलेल्या घराची हुरहुर काय असते, हे अण्णाभाऊ साठेंच्या ‘माझी मैना’ या छक्कडीनं महाराष्ट्राला सांगितलं. रोजगारासाठी मुंबईत आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं तळमळतो, एवढंच आधी वाटतं. मग तीच ताटातूट बेळगाव, कारवार, निपाणीची होते आणि विरहाचं गाणं संयुक्त महाराष्ट्राचं होऊन जातं.

हे गाणं पोहोचलं ते लाल बावटा कलापथकामुळे. 1944 साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी ते उभं केलं. वाटेगावचा साठे, बार्शीचा शेख आणि सोबत गव्हाणकर! बंधुभावावर वेगळं भाषण द्यायची त्यांना गरज नव्हती. 106 हुतात्म्यांनंतर 1 मे 1960 ला राज्य मिळालं, मुंबई मिळाली. बेळगाव राहिलं ते राहिलंच. महाराष्ट्राचा 2004 चा सीमादावा अजूनही सर्वोच्च न्यायालयात आहे.

पण पेणच्या बाजूनं ऐकलं की आज या गाण्याचा अर्थ उलटा होतो.

2024 मध्ये राज्य सरकारनं उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलं. क्षेत्र साधारण 323 चौरस किलोमीटर. हीच ती ‘तिसरी मुंबई’. शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या. तिकडे रोहा-मुरुडच्या 17 गावांत औषधनिर्मिती उद्यानाचा प्रस्ताव आला, त्यालाही विरोध झाला. आता गाव सोडून कुणी जायची गरज नाही, गावच निघून जाऊ शकतं.

पेणला हे नवीन नाही. महामुंबई सेझच्या वेळी 21 सप्टेंबर 2008 ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. बहुसंख्यांनी जमीन द्यायला नकार दिला आणि पुढे ते भूसंपादन बारगळलं. नवनगरासाठी मात्र कायद्यात हरकती-सूचनांचाच रस्ता आहे, मतदानाचा नाही.

मोबदल्याच्या आकड्यांवर भरपूर बोललं जातं, खरी परीक्षा सातबाऱ्यावर होते. आजोबांच्या जमिनीवर डझनभर वारस, त्यातले निम्मे मुंबई-ठाण्यात. गावातल्या भावाला भात पिकवायचंय, शहरातल्याला फ्लॅटचं कर्ज फेडायचंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून भांडण आणखी चिघळतं. मराठीत ‘बंधुभाव’ आणि ‘भाऊबंदकी’ हे शब्द एकाच मुळाचे, हे गमतीचं नाही.

शिवाय महाराष्ट्रात 1994 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत लेकींनाही समान हक्क आहे. त्यामुळे सौदा ठरवताना बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायची घाई होते. अण्णाभाऊंच्या छक्कडीत बाई गावी राहून वाट बघते. पेणमध्ये आज तिची सही लागते आणि ती ‘नाही’ म्हणू शकते.