दुसरी सही

मी बँकेत कारकून आहे. २०२४ च्या करारात आम्हा कारकुनांचे नाव बदलून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असे भारदस्त करण्यात आले. पण काउंटरपलीकडून येणारी 'ओ कॅशियर' ही हाक काही बदलली नाही. असा हा बी. कॉम. झालेला, चाळिशी ओलांडलेला इसम गेली चार वर्षे संध्याकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात पत्रकार घडवतो, असे सांगितले तर तुम्ही हसाल. हसा. माझी बायको पहिल्या दिवशी हसली होती, ती अजून पूर्ण थांबलेली नाही.

झाले असे की, माझे चार विनोदी लेख दिवाळी अंकांत छापून आले होते आणि आमच्या गावातल्या कॉलेजच्या प्राचार्यांचे खाते नेमके आमच्या शाखेत होते. पासबुक भरून घेता घेता ते म्हणाले, "तुम्ही लिहिता ना? मग आमच्या पत्रकारिता विभागात वृत्तलेखन शिकवा."

"सर, मी विनोदी लिहितो."

"चालेल. हल्लीच्या बातम्याही तशाच असतात."

आमच्या मॅनेजरसाहेबांनी 'बँकेच्या कामात व्यत्यय न येण्याच्या अटीवर' लेखी परवानगी दिली. कॉलेजच्या कामात बँकेचा व्यत्यय आला तर काय, हे कोणीच लिहून घेतले नाही. ते पुढे महागात पडले.

पत्रकारिता विभाग म्हणजे पूर्वीची जिमखान्याची कोठी. वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे अजून एक कॅरम बोर्ड उभा आहे. कॅमेरा कपाटात, कपाटाची किल्ली विभागप्रमुखांकडे, आणि विभागप्रमुख नेहमी दुसरीकडे. बिचाऱ्यांचा दोष नाही. विभागात कायम नोकरीचा तेवढा एकच माणूस, म्हणून एन. एस. एस., परीक्षेची बैठकव्यवस्था आणि 'नॅक'च्या फायली सगळे त्यांच्याच गळ्यात. मी त्यांना बहुतेक वेळा पाठमोरेच पाहिले आहे, काखेत फाइल आणि चालण्यात घाई.

बाकी आम्ही चौघे 'तासिका तत्त्वावर'. कॉमर्सला मी लेखाशास्त्राची तत्त्वे शिकलो होतो, पण हे तत्त्व त्यात नव्हते. या तत्त्वानुसार तुम्ही वर्गात बोलता तेवढ्याचेच पैसे; घरी रात्री बारापर्यंत वह्या तपासता ते फुकट, कारण घरी घंटा वाजत नाही. आमच्यातले वकीलसाहेब कायदा शिकवतात. छपाई आणि वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदा १ मार्च २०२४ ला गेला आणि २०२३ चा नवा आला, पण आमच्या अभ्यासक्रमाला ते अजून कळलेले नाही. वकीलसाहेबांनी तोडगा काढला आहे: "परीक्षेत १८६७ चा लिहा, बाहेर २०२३ चा पाळा."

विद्यार्थी तेवीस. त्यातल्या बहुतेकांना अँकर व्हायचे आहे. काहींना नुसतेच दिसायचे आहे. एकजण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि हॉस्टेल मिळावे म्हणून पत्रकार होतो आहे. आणि पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, ती सकाळी मेडिकल दुकानात काम करते. तिच्याविषयी पुढे सांगतो.

पहिल्याच सत्रात मी बातमी लिहायला दिली: गावात पाणी एक दिवसाआड का येते? तेवीस वह्या आल्या. चौदा वह्यांत 'एका ज्येष्ठ नागरिकाने नाव न सांगण्याच्या अटीवर' नगरपालिकेवर संताप व्यक्त केला होता. मी विचारले, "हे आजोबा राहतात कुठे?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. दोघांनी बातमी मोबाइलमधल्या त्या हुशार यंत्राकडून लिहवून घेतली होती. शुद्धलेखन निर्दोष, वाक्ये सुबक, फक्त आमच्या गावाला त्यात समुद्रकिनारा मिळाला होता. नगरपालिकेत प्रत्यक्ष जाऊन आलेली एकच: मेडिकलवाली. तिची बातमी अकरा ओळींची होती आणि त्यातल्या चार ओळी 'अधिकारी जागेवर नव्हते' या होत्या. मी तिला सर्वांत जास्त गुण दिले. वर्गाला ते मुळीच आवडले नाही.

आता मुख्य गोष्ट. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, म्हणून महाराष्ट्रात त्या दिवशी पत्रकार दिन असतो. आमच्याकडे तसबिरीला हार, पाहुण्यांचे भाषण आणि विभागाच्या प्रायोगिक अंकाचे प्रकाशन, असा ठरलेला बेत. अंक मुले लिहितात, पाने आम्ही तपासतो. तिसरे पान माझे.

५ जानेवारीला माझ्या कॅशमध्ये २०० रुपयांचा फरक आला. दीड तास नोटा मोजल्या, स्लिपा उलटसुलट केल्या, शेवटी एका पाचशेच्या बंडलात तो सापडला नाही पण दुसऱ्या एका स्लिपेत सापडला. धावतपळत कॉलेजात पोचलो तेव्हा छापखान्याचा पोरगा दारात उभा. तिसरे पान समोर आले. दीड मिनिटात सही केली.

त्या पानावर चार कॉलमी मथळा होता: 'कॉलेज रोडच्या चहात रंग?' लिहिणाऱ्या मुलाच्या मित्राचे पोट दुखले होते, आणि टपरीवाले रंग लावलेली चहापत्ती वापरत असल्याची 'चर्चा' होती. एवढाच पुरावा. टपरीचे नाव नव्हते, पण कॉलेज रोडला टपरी एकच.

पुढच्या सोमवारी ते टपरीवाले मामा माझ्या काउंटरवर आले. दर सोमवारी येतात. त्या दिवशीच्या स्लिपेवरचा आकडा नेहमीच्या निम्म्याहून कमी होता. स्लिपेखाली घडी घातलेला अंक होता.

"तुम्हीच शिकवता ना तिथं, सर?"

मी मान हलवली.

"पोरांनी दुपारी येऊन विचारलं असतं तर पुडा फोडून दाखवला असता." एवढेच बोलले. मागे रांग होती. मी पैसे मोजले, शिक्का मारला, काउंटरफॉइल दिली. तेवढे मला बरोबर जमते.

संध्याकाळी वर्गात त्या मुलाला उभे केले. तो शांतपणे म्हणाला, "सर, मी कुठं म्हटलंय की रंग आहे? 'चर्चा आहे' असं लिहिलंय. आणि शेवटी प्रश्नचिन्हपण आहे."

वाचकहो, हा 'चर्चा' शब्द मला चांगला ओळखीचा आहे. आमच्याकडे त्याला सस्पेन्स खाते म्हणतात. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती तात्पुरती त्या खात्यात ठेवायची. पण तिचा छडा लागेपर्यंत ऑडिटर आम्हाला झोपू देत नाही. वर्तमानपत्रातल्या सस्पेन्स खात्याला ऑडिटरच नाही. 'चर्चा', 'कुजबुज', 'सूत्रांनुसार' वर्षानुवर्षे पडून राहतात आणि त्यांच्यावर व्याज मात्र भलत्याच माणसाला भरावे लागते.

मग मी त्यांना १८८२ ची गोष्ट सांगितली. टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे मुलांना पाठ होते. का होते, असे विचारल्यावर "सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून" असे उत्तर एका सुरात आले. तसे नाही. कोल्हापूरचे छत्रपती हालात आहेत या कळकळीने 'केसरी' आणि 'मराठा'ने तिथले कारभारी बर्वे यांच्यावर लिहिले. आधार होता काही पत्रांचा. ती पत्रे बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी बदनामीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. दोघेही तेव्हा पंचविशी-सव्विशीतले, हेतू सोन्यासारखा, आणि पत्रे खोटी. आगरकरांनी त्या तुरुंगवासावर पुस्तक लिहिले, लोकांनी दोघांना डोक्यावर घेतले, ते योग्यच झाले. पण पत्रकारितेच्या वर्गात त्या गोष्टीतून फक्त त्याग शिकवायचा आणि कागद तपासून घ्यावा हे शिकवायचे नाही, हे मला पटत नाही.

मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, मी टिळकांच्या पंक्तीत?"

"हो. फरक इतकाच की ते तुरुंगापर्यंत गेले. तू अजून टपरीपर्यंत गेलेला नाहीस."

दुसऱ्या दिवशी तो गेला. बरोबर मेडिकलवाली. तिला सवयच आहे: डॉक्टरची चिठ्ठी आणि गोळ्यांचे पाकीट समोरासमोर धरायचे, तारीख बघायची, मगच द्यायचे. मामांनी पत्तीची बिले दाखवली, भिंतीवरचे नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवले. तिने टिपकागदावर थोडी पत्ती पसरून वर पाण्याचे थेंब टाकले. कृत्रिम रंग लावलेला असला तर कागदावर रंगाचे डाग उमटतात. तसे काही उमटले नाही. सगळ्या तपासाला वीस मिनिटे लागली, त्यातली दहा चहा पिण्यात गेली.

मी विभागप्रमुखांना म्हटले, "दुरुस्ती छापू या." ते चालता चालता म्हणाले, "अहो, अंक नॅकच्या फायलीत लागलासुद्धा. पुढच्या वर्षीच्या अंकात दोन ओळी टाकू."

इथे माझ्यातला कारकून चिडला. आमच्याकडे चुकीची नोंद खोडायला परवानगी नाही. ती तशीच दिसली पाहिजे आणि तिची उलट नोंद झाली पाहिजे, त्याच खात्यात, तेवढ्याच रकमेची. वर्तमानपत्रे काय करतात? नावे टाकतात चार कॉलमांची आणि जमा करतात अर्ध्या इंचाची, तीही बाराव्या पानावर, पंचांगाच्या खाली. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचे पोरसुद्धा सांगेल की हा ताळेबंद जुळायचा नाही.

यावर जाणती मंडळी मला दोन गोष्टी ऐकवतात. पहिली: पत्रकारिता शिकवून येत नाही, ती रक्तातच असावी लागते. मी वीस वर्षे नोटा मोजतो आहे. कॅशियरगिरी रक्तात असावी लागते असे मला कोणी म्हणाले नाही. मला मोजायला शिकवले आणि चुकलो तर खिशातून भरायला लावले. रक्ताचा संबंध आलाच तर तो असा. दुसरी गोष्ट: बातमीला वेळ नसतो, तपासत बसलो तर दुसरा पुढे जातो. साहेब, एक तारखेला पेन्शनरांची रांग आमच्या दाराबाहेर जाते. उन्हात उभे राहिलेले आजोबा मला काय काय बोलतात ते इथे छापता येणार नाही. तरीही माझ्या मर्यादेबाहेरची रक्कम मी एकट्याच्या जोरावर देत नाही. मी नोंद करतो, अधिकारी पडताळतो, मगच पैसे हलतात. मी चोर आहे असे बँकेचे म्हणणे नाही. मी माणूस आहे, एवढेच तिचे म्हणणे आहे. पैशाला दुसरी सही लागते आणि माणसाच्या नावाला लागत नाही, हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो?

आणि ही सवय लावायची जागा पत्रकारिता विभागच. उद्या ही मुले नोकरीला लागल्यावर त्यांना कोणी टिपकागद घेऊन टपरीवर पाठवणार नाही. पण त्यासाठी विभागात कोणीतरी पूर्णवेळ बसलेला हवा. तासावर आणलेला मास्तर दुसरी सही करतो ती माझ्यासारखी, धापा टाकत, दीड मिनिटात. बातमी त्या मुलाने लिहिली खरी, पण पान मी सोडले होते. २०० रुपयांना दीड तास आणि मामांच्या टपरीला दीड मिनिट, हा माझा हिशेब आहे आणि तो मला रोज दिसतो.

शेवटी आम्ही एक पान छापले. मथळा तेवढाच, चार कॉलमी: 'कॉलेज रोडच्या चहात रंग नाही, आमची चूक.' खाली तीन सह्या: त्याची, तिची आणि माझी. विभागप्रमुखांनी 'मला काही माहीत नाही' असे सांगून एन. एस. एस.च्या कपाटातून एक रीम कागद काढून दिला. कॉलेजभर वाटले. एक प्रत मामांकडे घेऊन गेलो, टपरीला चिकटवा म्हटले. त्यांनी वाचली, घडी केली आणि गल्ल्यात ठेवली.

"लावत नाही, सर. ज्याला ठाऊक नाही त्यालाबी कळंल."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. चहाचे पैसे मात्र त्यांनी पूर्ण घेतले. तेव्हापासून त्यांच्या सोमवारच्या स्लिपेवरचा आकडा हळूहळू चढतो आहे, पण पूर्वीच्या आकड्याला अजून पोचलेला नाही. दुसऱ्या कोणाला हे कळणार नाही. मला दर आठवड्याला मोजावे लागते.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्या मेडिकलवालीकडे तपासायला दिला. तिने वाचून परत आणला आणि म्हणाली, "सर, ज्येष्ठ नागरिक चौदा बरोबर आहेत, मी वह्या मोजल्या होत्या. पण कॅशच्या फरकाला तुम्ही वर्गात सव्वा तास सांगितला होतात. इथं दीड झालाय."

दीड मिनिटाशी जुळावे म्हणून मी दीड तास केला होता. विनोदी लेखकाची जुनी खोड. तर वाचकहो, वरचा दीड तास खोडलेला नाही, कारण खोडायला परवानगी नाही. ही त्याची उलट नोंद, त्याच लेखात, तेवढ्याच टायपात: सव्वा तास.