विश्लेषण : भारतनेटची केबल आता ‘रिंग’मध्ये का?

केबल ग्रामपंचायतीपर्यंत आली, पण इंटरनेट चालत नाही, ही भारतनेटविषयीची जुनी तक्रार. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यात केबल गावोगाव नेण्याची रचनाच बदलली आहे. सरळ रेषेऐवजी आता वर्तुळ, म्हणजे ‘रिंग’.

रेषेत काय बिघडत होते?

२०११ मध्ये मंजूर झालेल्या मूळ योजनेत तालुक्यातून निघालेली केबल एकामागून एक गावे घेत पुढे जात असे. समजा, एका मार्गावर दहा गावे आहेत. शेवटच्या दोन गावांदरम्यान केबल तुटली तर एकच गाव बंद पडते. पण तालुक्याजवळच रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली, की दहाही गावे ठप्प. रस्ते आणि जलवाहिन्यांची खोदाई सतत सुरू असताना हे होणारच होते.

रिंगने काय साधते?

केबल गावे घेऊन पुन्हा तालुक्यालाच येते. एका ठिकाणी तुटली तर डेटा उलट्या बाजूने फिरून पोहोचतो, गावाला फरक जाणवतही नाही. दोन ठिकाणी तुटली, तर मात्र मधली गावे अडकतात. म्हणजे पहिला तुटवडा शोधून लगेच जोडणे महत्त्वाचे. आणि नेमका तोच दुर्लक्षित राहण्याची भीती, कारण तक्रार कोणीच करत नाही. म्हणून नव्या कार्यक्रमात फायबरवर दुरून देखरेख ठेवण्याची तरतूद आहे.

खर्च अर्थातच वाढतो. जाणारी आणि परतणारी केबल एकाच चरात टाकून तो वाचवता येतो, पण मग जेसीबीचा एकच फटका दोन्ही तोडतो. अशी रिंग कागदावरच गोल असते.

विजेचा संबंध काय?

जुन्या पद्धतीत वाटेत ‘स्प्लिटर’ असे. हे उपकरण प्रकाश नुसता विभागते, त्याला वीज लागत नाही. मात्र ३२ वाटे केले की प्रत्येकाला मूळ प्रकाशाच्या बत्तिसाव्या हिश्शाहूनही थोडे कमीच मिळते, त्यामुळे अंतरावर मर्यादा येते. रिंगमध्ये गावोगावचा राउटर संदेश नव्याने पुढे पाठवतो. क्षमता वाढते, पण राउटरला वीज हवी. दोन गावांत एकाच वेळी भारनियमन झाले आणि बॅटरी उतरली, तर केबल शाबूत असूनही मधली गावे तुटतात. सुधारित योजनेत वीज बॅकअप आणि दहा वर्षांची देखभाल धरली आहे ती यासाठी. कंत्राटदाराकडून कामाचा हिशेब घेताना किती किलोमीटर केबल टाकली याबरोबरच किती तास सेवा सुरू राहिली, हेही तपासावे लागेल.

घरोघरी काय बदलेल?

ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी बहुधा झाडाच्या फांद्यांसारखीच राहील. प्रत्येक घराला रिंग परवडणारी नाही. गल्लीतली केबल तुटली, तर त्या घरांना दुरुस्तीची वाट पाहावीच लागेल.