पात्र-अपात्र नंतर, आधी झोपेचं विचारा

शेतकऱ्याने आत्महत्या केली की तहसीलची माणसं घरी येतात. कर्ज कोणत्या बँकेचं, सातबारा कोणाच्या नावावर, नापिकी होती का, हे तपासतात. प्रकरण पात्र ठरलं तर घरच्यांना १ लाखाची मदत मिळते. तो माणूस महिनाभर झोपतच नव्हता, ही गोष्ट मात्र नंतर पारावर निघते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ११,२९० शेतकरी आणि शेतमजुरांनी आत्महत्या केली. त्यातले ४,२४८ आपल्या राज्यातले. कर्ज, पडलेला भाव, पाऊस ही कारणं खरीच आहेत. पण अशा ओझ्याखाली काहींना नैराश्याचा आजार जडतो, आणि त्याला इलाज आहे, हे आपण विसरतो.

ओळखायचं कसं? एखाद दिवस मन उदास होणं वेगळं. दोन आठवडे उलटले तरी मन लागत नाही, झोप उडाली, जेवण तुटलं, अंग सतत गळाल्यासारखं, शेतात जावंसं वाटत नाही, चिडचिड होते किंवा दारू वाढली, तर दवाखाना गाठावा. ‘माझा कोणाला उपयोग नाही’, ‘मी नसलेलं बरं’ असं कोणी बोललं तर दोन आठवडे थांबूच नका. त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडे द्या. ‘जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

मदत कुठे? १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराचा उपचार मिळतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी शासनाने प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशाताईंनी घरोघरी चौकशी करायची असं ठरलं. तुमच्या घरी त्या आल्या तर ‘सगळं बरंय’ म्हणून वाटेला लावू नका. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, मनाने बंद करू नका.

गोळीने कर्ज फिटत नाही, भावही वाढत नाही. त्यासाठी सरकारशी भांडावंच लागेल. पण भांडायला माणूस जागेवर पाहिजे. आज संध्याकाळी गप्प बसलेल्या शेजाऱ्याला एवढंच विचारा, ‘दादा, झोप लागते का?’