सुसंगत म्हणजे खरे नव्हे

मराठी विभागातला संगणक बिघडला की आपण दोन गोष्टी करतो. प्रयोगशाळेतल्या मुलाला निरोप धाडतो आणि तो येईपर्यंत चहा मागवतो. तो येतो, चार कळा दाबतो आणि 'सर, झालं दुरुस्त' असे सांगून जातो. या 'झालं दुरुस्त'ला आमची हरकत आहे. मात्र ती त्या मुलाबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे.

आमच्या विभागात लिनक्सवर चालणारा एक संगणक आहे. विद्यार्थ्यांनी सहा वर्षे गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे त्यात होती. गाव, गाणारीचे नाव आणि तारीख ही माहिती प्रत्येक फाइलच्या नावातच गुंफलेली होती. एकदा अचानक वीज गेली आणि त्यानंतर संगणक तक्रार करू लागला. डिस्क वापरात असतानाच तिच्यावर दुरुस्तीचा आदेश चालवला गेला आणि त्या आदेशाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एकगठ्ठा 'होय' असे उत्तर दिले गेले. संगणक पुन्हा सुरू झाला, तक्रार मिटली. ओव्यांचा फोल्डर मात्र नाहीसा झाला होता. 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात शेकडो फायली पडल्या होत्या आणि त्यांना नावांऐवजी नुसते आकडे होते. वाजवून पाहिल्यावर आवाज स्वच्छ आला. ओवी सापडली होती, गाणारी हरवली होती.

असे का होते, हे समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. लिनक्सच्या 'एक्स्ट-४' या फाइलव्यवस्थेत फाइलचे नाव फाइलपाशी नसते. फाइलची नोंद, म्हणजे 'आयनोड', तिचा आकार, मालक, वेळ आणि मजकुराच्या जागा सांगते. नाव असते फोल्डरच्या यादीत, आणि ती यादी त्या नावापुढे आयनोडचा फक्त क्रमांक लिहून ठेवते. यादी नष्ट झाली तरी मजकूर उरतो, पण निनावी. सुट्या पानांच्या पोथीची अनुक्रमणिका आणि पुष्पिका वाळवीने खाल्ली, तर उरलेल्या पानांची जी गत होते तीच इथे होते.

आता मुख्य मुद्दा. 'एफएससीके' या दुरुस्तीच्या आज्ञेचे काम तुमचा मजकूर वाचवणे हे नव्हेच. फाइलव्यवस्थेच्या अंतर्गत नोंदी परस्परांशी जुळवणे, एवढेच तिचे काम. दोन नोंदींचा मेळ बसत नसेल, तर ती एक नोंद बदलते किंवा काढून टाकते. तिला हवी असते सुसंगती, आणि सुसंगत म्हणजे खरे नव्हे.

हे वाक्य आपल्याला नवे वाटत असेल, तर आपण पाठचिकित्सा शिकवतो कशाला? पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. जिथे पाठाची खात्री नव्हती तिथे संपादकांनी शब्दांखाली नागमोडी रेघ दिली आणि नाकारलेले पाठभेदही टाकून न देता तळटिपांत जपले. सगळे प्रश्न 'होय' म्हणून निकालात काढणारी दुरुस्ती ही याच्या नेमकी उलट आहे. तिच्यात नागमोडी रेघ नाही आणि तळटीपही नाही. विसंगत ओळी गाळून पोथी 'शुद्ध' करणाऱ्या लहियाला वर्गात आपण दोष देतो, आणि विभागात त्याच्याच हाती किल्ल्या देतो.

वास्तविक काय करायला हवे होते? सर्वप्रथम त्या डिस्कवरचे लेखन थांबवायचे, कारण पुढे लिहिले जाणारे प्रत्येक अक्षर जुन्या अक्षरावर बसू शकते. मग संगणक वेगळ्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, संपूर्ण डिस्कची तंतोतंत प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवर करायचे. तपासणी आधी 'फक्त वाचा, बदलू नका' या रीतीने चालवायची आणि काय काय बदलले जाणार आहे ते वाचायचे. व्यवस्थेचा मुख्य नोंदखंड, म्हणजे 'सुपरब्लॉक', बिघडला असेल, तर त्याच्या नकला डिस्कवर इतरत्र ठेवलेल्या असतात. त्यांच्या आधारे पुन्हा प्रयत्न करायचा. 'फोटोरेक'सारखे साधन सर्वांत शेवटी, कारण ते मजकुराच्या ओळखखुणांवरून फायली शोधते, पण मूळ नावे परत देत नाही. मूळ प्रतीला हात लावू नये, नकलेवर काम करावे, केलेला प्रत्येक बदल नोंदवावा. यातला कोणता नियम हस्तलिखिताच्या अभ्यासकाला परका आहे?

'बॅकअप असता तर ही वेळच आली नसती,' असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण अपुरे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे ७७ टेराबाइट संशोधनसामग्री पुसली गेली, आणि ती पुसली बॅकअपच्याच प्रणालीने. जुन्या नोंदी काढून टाकणारी आज्ञावली चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली गेली. त्यामुळे एक मूल्य कोरे राहिले आणि जुन्या नोंदींऐवजी फायलीच पुसल्या गेल्या. चौदा संशोधनगटांना झळ पोचली आणि त्यांपैकी चार गटांची सामग्री परत मिळण्याजोगी नव्हती. तेव्हा बॅकअप आहे या समाधानात राहू नये. तो उघडून, वाचून पाहावा. तुकोबांची गाथा लोकमुखी होती म्हणून तरली, असा अर्थ आपणच वर्गात सांगतो. मग विभागाची सामग्री एकाच यंत्रात का?

'हे आमचे काम नव्हे' हा शेवटचा बचाव. कळा दाबणे हे आपले काम नसेलही. पण काय गेले तर चालेल आणि काय गेले तर कधीच भरून येणार नाही, हे त्या मुलाला कोण सांगणार? त्याच्या लेखी ती केवळ ध्वनिफीत होती. गाणारीचे नाव हा त्या ओवीचाच भाग आहे, हे आम्हाला ठाऊक होते, आणि आम्ही चहा पीत होतो.

नंतर आम्ही त्या फायली घेऊन पुन्हा गावोगाव गेलो. काही आवाज लेकीसुनांनी ओळखले. बाकीच्यांपुढे आम्ही 'गाणारी अज्ञात' असे लिहिले आहे. अंदाजाने नावे भरली असती, तर आमची यादी अधिक सुसंगत दिसली असती.