एका खांबावर किती खाती? ५जीच्या काळातला फुटपाथ

गेल्या महिन्यात आई माझ्याकडे पुण्यात राहायला आली. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते आणि डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं. घरापासून बस स्टॉप फार तर साडेतीनशे पावलांवर. पहिल्याच दिवशी ती अर्ध्या वाटेवरून परत आली. म्हणाली, "अरे, चालू कुठून? दर दहा पावलांना फुटपाथवरून खाली उतरा, परत वर चढा."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो आणि फोनवर नोट्स उघडून मोजत चाललो. पहिल्या शंभर पावलांत दोन डीपी बॉक्स, पथदिव्यांचे तीन खांब, सिग्नलचा एक, सीसीटीव्हीचा वेगळा एक, दोन दिशादर्शक फलक, 'नो पार्किंग'चे चार फलक, इंटरनेट कंपन्यांच्या तीन पेट्या, एक कचऱ्याचा डबा, रेलिंगचे दोन सुटे तुकडे, एक बंद पडलेली जाहिरातीची पाटी आणि एक असा गंजका खांब, ज्यावर काहीच नव्हतं. एकूण २१ वस्तू. शेवटच्या काही सोडल्या, तर बाकी प्रत्येक वस्तू कुणाला तरी हवी होती. गंमत इथेच आहे.

रस्त्यावरच्या अशा वस्तूंना 'स्ट्रीट फर्निचर' म्हणतात. खांब, बाक, बस स्टॉप, फलक, डबे, पेट्या, सगळं त्यात आलं. हा विषय वास्तुविशारदांचा वाटेल, पण येत्या काही वर्षांत तो तुमच्या मोबाईलच्या रेंजशी थेट जोडला जाणार आहे.

गर्दी होते कशी?

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. एखादं ॲप आठवा, ज्याच्या होम स्क्रीनवर पेमेंट टीमचं बटण, ऑफर टीमचा बॅनर, लोन टीमचा पॉप-अप आणि कुठल्या तरी गेमचं चाक एकाच वेळी दिसतं. यातलं प्रत्येक बटण कुठल्या ना कुठल्या मीटिंगमध्ये मंजूर झालेलं असतं. पूर्ण स्क्रीन एकत्र कशी दिसते, हे बघणं मात्र कुणाचंच काम नसतं.

मेल्विन कॉनवे या प्रोग्रॅमरने १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं की एखादी संस्था जी प्रणाली बनवते, तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखीच निघते. खाती एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांनी बनवलेले भागही एकमेकांशी बोलत नाहीत. आपला फुटपाथ हे कॉनवेच्या नियमाचं उघड्यावर मांडलेलं प्रदर्शन आहे. दिव्याचं खातं वेगळं, सिग्नलचं वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं, वीज कंपनी वेगळी, बससेवा वेगळी. प्रत्येकाचं टेंडर वेगळं, म्हणून प्रत्येकाचा खांब वेगळा. आणि नवा खांब उभारायला बजेट मिळतं, जुना काढायला सहसा मिळत नाही. कोडबेसमधला मेलेला कोड कुणी डिलीट करत नाही, तसंच हे.

यात ५जी कुठून आलं?

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झ आणि २६ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत वेग भरपूर मिळतो, पण फ्रिक्वेन्सी जितकी वर जाते तितकी लहरींची पोच कमी होते. २६ गिगाहर्ट्झला तर भिंत आणि झाडांची पानंसुद्धा अडवतात. म्हणून दाट वस्तीत फक्त मोठ्या टॉवरवर भागत नाही. थोड्या थोड्या अंतरावर छोटी उपकरणं लावावी लागतात. त्यांना 'स्मॉल सेल' म्हणतात. त्यांना तीन गोष्टी लागतात: जमिनीपासून थोडी उंची, वीज आणि फायबर. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तयार कुठे मिळतात? दिव्याच्या खांबावर.

म्हणूनच केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये राइट ऑफ वे नियम बदलले आणि स्मॉल सेलसाठी स्ट्रीट फर्निचर वापरायला वाट करून दिली. दर ठरला शहरात एका खांबामागे वर्षाला ३०० रुपये, ग्रामीण भागात १५० रुपये. खांबावरून केबल न्यायची तर १०० रुपये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रायने या विषयावर शिफारशी दिल्या. त्याआधी भोपाळ स्मार्ट सिटी, कांडला बंदर, दिल्ली विमानतळ आणि बेंगळुरूच्या मेट्रोमध्ये प्रायोगिक चाचण्याही झाल्या होत्या. १ जानेवारी २०२५ पासून नवे राइट ऑफ वे नियम लागू आहेत.

वर्षाला ३०० रुपये म्हणजे तुमच्या एका महिन्याच्या रिचार्जच्या आसपास. कंपनीसाठी ही रक्कम किरकोळ आहे. नेटवर्क लवकर पसरावं म्हणून दर कमी ठेवणं समजण्यासारखं आहे. पण फुटपाथची जागा स्वस्त झाली की ती जपून वापरायचं कारण उरत नाही. प्रत्येक कंपनीने आपापली पेटी, आपापला मीटर आणि आपापली केबल टांगली, तर माझी २१ वस्तूंची यादी ३० वर जाईल. तेच एका खांबाच्या आत सगळ्यांसाठी सामायिक जागा, वीज आणि फायबर दिलं, तर यादी खालीही येऊ शकते. कुणा एकालाच खांब वापरायला देणारे करार नकोत, असं ट्रायनेही सुचवलेलं आहे. म्हणजे तंत्रज्ञान तेच, फरक फक्त आधी एकत्र बसून ठरवलं का, एवढाच.

नियम आहेत का? आहेत की

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेनुसार फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी मोकळी जागा हवी. एकूण रुंदी किती, हा प्रश्न गौण आहे. एकही अडथळा नसलेली सलग वाट किती, हे महत्त्वाचं. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघून जाव्यात, हा त्यामागचा हिशोब.

मग खांब आणि पेट्या ठेवायच्या कुठे? त्यासाठी 'मल्टी युटिलिटी झोन' असतो, म्हणजे चालायची वाट आणि वाहनांचा रस्ता यांच्यामधली पट्टी. झाडं, दिवे, बाक, डबे, डीपी बॉक्स हे सगळं त्या एका रेषेत. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये रस्ते रचनेची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली, त्यातही ही कल्पना आहे. जंगली महाराज रस्त्याच्या नव्या फुटपाथवर गेलात तर फरक लगेच कळतो. तिथे झाडं आहेत, बाक आहेत, मुलांना खेळायला जागा आहे, वस्तू काही कमी नाहीत. तरी चालताना त्या अंगावर येत नाहीत, कारण बऱ्याचशा एका रांगेत आहेत. बेंगळुरूच्या टेंडर शुअर रस्त्यांवर तर केबल आणि पाइप फुटपाथखालच्या डक्टमध्ये घेतले गेले, म्हणजे दर नव्या केबलसाठी खोदकाम नको.

लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत तिथे रेलिंग काढून टाकली, फलक कमी केले आणि सिग्नल व पाट्या शक्य तिथे दिव्याच्याच खांबांवर बसवल्या. रेलिंग काढल्यावर अपघात वाढतील अशी भीती होती. नंतरच्या दोन वर्षांच्या नोंदींत ते उलट कमी झाले. डोळ्यांपुढचा पसारा कमी झाला की चालक आणि पादचारी एकमेकांकडे बघतात, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

'स्मार्ट' शब्दाला भुलू नका

इथे एक इशारा. न्यूयॉर्कने २०१६ पासून जुने टेलिफोन बूथ काढून लिंकएनवायसी नावाचे किऑस्क बसवले. फुकट वाय-फाय, चार्जिंग, कॉल. खर्च निघणार होता दोन्ही बाजूंच्या ५५ इंची जाहिरात स्क्रीनमधून. मग २०२२ पासून त्याच योजनेत ५जीचे ३२ फूट उंच मनोरे आले, आणि आपल्या खिडकीसमोर हे नको म्हणून अनेक वस्त्यांत लोक विरोधाला उभे राहिले. सात गोष्टी एका खांबात आणल्या, पण तो खांबच सातपट मोठा आणि लखलखता झाला, तर पसारा कमी कुठे झाला?

त्यामुळे तुमच्या शहरात 'स्मार्ट पोल'ची घोषणा झाली, की चार प्रश्न विचारा. हा एक खांब आल्यावर जुने किती खांब निघणार? चालायला सलग १.८ मीटर उरणार का? सगळ्या कंपन्यांना तो वापरता येणार का? आणि त्यावरच्या कॅमेऱ्याचा डेटा कुणाकडे जाणार? पहिल्या प्रश्नाला 'शून्य' असं उत्तर आलं, तर तो आणखी एक खांब आहे, बाकी काही नाही.

आपण फोनवरून काय करू शकतो?

तक्रार करताना 'फुटपाथ खराब आहे' असं लिहिलं तर ती खात्या-खात्यांत फिरत राहते. एका तक्रारीत एकच वस्तू, तिचा फोटो, लोकेशन आणि खांबावरचा नंबर द्या. पुण्यात यासाठी पीएमसी केअर ॲप आहे, इतर शहरांतही तशी ॲप्स आहेत. वापरात नसलेला खांब काढायला सांगणं ही सगळ्यात सोपी मागणी, कारण तो ठेवायचं कारण कुणाकडेच नसतं.

दुसरं, ओपनस्ट्रीटमॅप. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं मोफत ॲप आहे. तुम्ही चालत असता आणि ते साधे प्रश्न विचारतं: इथे फुटपाथ आहे का, कर्ब किती उंच, अंधांसाठीच्या खुणेच्या फरश्या आहेत का? तुमची उत्तरं खुल्या नकाशात जातात, आणि व्हीलचेअरसाठी वाट शोधणारी ॲप्स तोच डेटा वापरू शकतात. त्या पिवळ्या फरश्या थेट डीपी बॉक्सवर जाऊन आपटताना तुम्हीही पाहिल्या असतील. ज्याला दिसतं तो वळसा घालतो. ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी तोच रस्ता होता.

मी तो गंजका खांब ॲपवर टाकला. पहिली तक्रार 'आमच्या विभागाशी संबंधित नाही' म्हणून बंद झाली. दुसरी टाकली, या वेळी फोटोसकट. अकराव्या दिवशी खांब गेला. त्या जागी सिमेंटचा थोडा उंचवटा राहिलाय, त्याची तिसरी तक्रार सुरू आहे. २१ च्या आता २० झाल्या. आई तेवढ्या भागात खाली न उतरता चालते.